विहिरीतला पांढरा दगड आणि चाळीस हजारांची फी

ईदच्या तिसऱ्या दिवशी भाचा आला. शीरखुर्म्याची वाटी हातात घेण्याआधीच त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर उघडली. आत मुठीएवढा एक पांढरा दगड होता. दगड म्हणण्यापेक्षा स्फटिकांचा गुच्छ म्हणा. मोत्यासारखी चमक, कडांना किंचित गुलाबी झाक, आणि पेंढी मधोमध बांधावी तसा आकार.

"मामू, हे लिथियम आहे का?"

मी हसणार होतो, पण त्याचा चेहरा पाहून थांबलो. पाटोदा तालुक्यातल्या त्यांच्या शेतात नवी विहीर चालू आहे. चाळीसेक फुटांवर असे दगड निघू लागले. गावात ही बातमी फिरली आणि आठवड्याभरात मोटारीतून एक गृहस्थ आले. त्यांनी दगड हातात घेऊन बघितला, मोबाईलवर कुठला तरी फोटो दाखवला आणि सांगितलं, "हे लिथियम आहे, बॅटरीचं सोनं. कंपनी तुमच्याशी करार करेल, एकरी एवढे लाख देईल. फक्त आधी मोठ्या लॅबची तपासणी लागते. तिची फी चाळीस हजार. शंभराच्या स्टँपपेपरवर संमतीपत्र आजच करून टाकू."

चाळीस हजार घरात नव्हते. माझ्या आपाने लेकीच्या निकाहसाठी ठेवलेल्या दोन बांगड्या काढून ठेवल्या होत्या. सोमवारी त्या सराफाकडे जाणार होत्या. भाचा आला तो शनिवार होता.

त्यामुळे या महिन्याचं सदर ठरवलेल्या विषयावर नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या शेतात असे दगड निघतात आणि अनेकांच्या दारात असे गृहस्थ येतात. लिथियम आणि त्याच्या सोबतीचे दुर्मीळ धातू नेमके कुठे मिळतात, आणि आपल्या बीडच्या काळ्या पाषाणात ते का मिळत नाहीत, एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. जुन्या घरांत तांब्या-पितळेच्या देगच्यांना अजून कल्हई होते. कल्हईवाला भाता मारून भांडं तापवतो, नवसागर टाकतो आणि पांढऱ्या धातूची कांडी आत फिरवतो. तो धातू म्हणजे कथिल. 'कल्हई' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मलाया द्वीपकल्पात 'कलह' नावाचं बंदर होतं, अरब खलाशी तिथून कथिल आणत, म्हणून त्याला 'कलई' म्हणू लागले, असं सांगतात. आता प्रश्न असा की तिथेच कथिल का? कारण तिथे डोंगरांच्या पोटात विशिष्ट जातीचा ग्रॅनाइट आहे. कथिल, लिथियम, टँटलम, नायोबियम, टंगस्टन, बेरिलियम ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. ती बहुधा ग्रॅनाइटच्या आश्रयाने राहतात. अशा धातूंनी भरलेल्या ग्रॅनाइटला भूशास्त्रात 'दुर्मीळ धातूंचा ग्रॅनाइट' असंच नाव आहे.

ग्रॅनाइट म्हटलं की आपल्याला ओटा आठवतो. पण ओट्यावर बसवतात तो 'ब्लॅक ग्रॅनाइट' बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. तो बेसाल्टच्या जवळच्या कुळातला काळा खडक असतो, बाजारात नाव मात्र ग्रॅनाइटचं. खरा ग्रॅनाइट पाहायचा असेल तर तेलंगणातून येणाऱ्या गुलाबी किंवा राखाडी फरश्या नीट पाहा. त्यात तीन गोष्टी सुट्या ओळखता येतात. काचेसारखे दाणे म्हणजे क्वार्ट्झ, गुलाबी-पांढरे ठोकळे म्हणजे फेल्डस्पार, आणि चमचमणाऱ्या टिकल्या म्हणजे अभ्रक.

हा खडक जमिनीखाली काही किलोमीटर खोलीवर, वितळलेल्या रसाचा बनतो. रस वर येऊन सांडत नाही, आतच राहतो आणि लाखो वर्षं हळूहळू थंड होतो. या सावकाशीतच सगळं रहस्य आहे.

रमजानमध्ये कधी रूह अफ्जाचं सरबत फ्रीजरमध्ये विसरलं आहे का? काही तासांनी पाहिलं तर कडेने फिकट, जवळजवळ बेचव बर्फ धरलेला असतो, आणि रंग, गोडी, सुवास हे सगळं मधल्या घट्ट रसात गोळा झालेलं असतं. कारण बर्फाच्या स्फटिकात पाण्याला जागा असते, साखरेला नसते. पाणी गोठत जातं, साखर उरलेल्या रसात ढकलली जाते. ग्रॅनाइटच्या रसाचंही असंच होतं. आधी फेल्डस्पार, क्वार्ट्झ आणि अभ्रक तयार होतात. त्यांच्या घडणीत सिलिकॉन, अॅल्युमिनियम, सोडियम, पोटॅशियम सहज बसतात. लिथियमचा कण फार लहान. टँटलम आणि नायोबियमवर विद्युतभार जास्त. ते या चौकटीत बसत नाहीत आणि उरलेल्या रसात मागे राहतात. रस जितका कमी होत जाईल तितके हे नकोसे पाहुणे त्यात दाट होत जातात. शेवटच्या थोड्याशा रसात त्यांची गर्दी होते.

त्या रसात फ्लोरिन, फॉस्फरस, बोरॉन आणि पाणीही साठलेलं असतं. त्यांच्यामुळे तो लवकर गोठत नाही. बाकीचा ग्रॅनाइट घट्ट झाला तरी हा पातळच राहतो आणि हलका असल्याने वर सरकतो. ग्रॅनाइटच्या घुमटाच्या माथ्यावर त्याची टोपी बनते, किंवा तो वरच्या भेगांत शिरून मोठमोठ्या स्फटिकांच्या शिरा बनवतो. या शिरांना पेग्मटाइट म्हणतात. त्यात हातभर लांबीचे स्फटिकही सापडतात.

या टोपीत आणि शिरांत काय काय असतं? फिकट जांभळा, पापुद्रे सुटणारा लेपिडोलाइट, म्हणजे लिथियमचं अभ्रक. हिरवट-पांढरा, लांबट, कठीण स्पोड्युमीन, हाही लिथियमचाच. कथिलाचा कॅसिटेराइट, काळपट आणि हाताला जड. टँटलम-नायोबियमचा कोलंबाइट-टँटलाइट, तोही काळा आणि जड. कधी पुखराज, म्हणजे टोपाझ. पुखराजाच्या घडणीत फ्लोरिन असतं, म्हणून तो इथे दिसला की भूशास्त्रज्ञ कान टवकारतो. टँटलम तुमच्या मोबाईलच्या आतल्या बारीक कपॅसिटरमध्ये असतो, लिथियम त्याच्या बॅटरीत. एका फोनच्या बॅटरीत लिथियम जेमतेम एक-दीड ग्रॅम असतो.

या जातीचा नमुना म्हणून जगभरचे अभ्यासक फ्रान्समधल्या बोव्हुआर ग्रॅनाइटचं नाव घेतात. त्याचं वय सुमारे ३० कोटी वर्षं. त्याचा माथा कुजून पांढरी चिनी माती झाली आणि एकोणिसाव्या शतकापासून ती भांड्यांसाठी खणली जाते आहे. कपबशा बनवणाऱ्या लोकांच्या पायाखाली लिथियम होता. १९८५ मध्ये तिथे सुमारे ९०० मीटर खोल संशोधनाचं भोक पाडलं, तेव्हा थरामागून थर नीट कळले. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये लिथियम काढण्याचा प्रकल्प जाहीर झाला. तिथल्या खडकात लिथियम ऑक्साइड साधारण ०.९ टक्के आहे. म्हणजे एक टन खडक फोडला, दळला, सगळं काही नीट जमलं, तरी नऊ किलोच्या आत. जगातल्या नावाजलेल्या ठिकाणांपैकी एकाची ही गत आहे. मोटारीतून आलेल्या गृहस्थांनी भाच्याला 'यात साठ टक्के लिथियम आहे' असं सांगितलं होतं. शुद्ध लिथियम ऑक्साइडमध्येही लिथियम सत्तेचाळीस टक्क्यांच्या आत असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

आता आपल्या देशातलं पाहू. राजस्थानात नागौर जिल्ह्यात डेगाना गावाजवळ रेवत टेकडी आहे. तिचा ग्रॅनाइट अगदी या जातीचा आहे. त्यात टंगस्टनचं खनिज, लिथियमयुक्त अभ्रक, पुखराज, फ्लोराइट असा सगळा गोतावळा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून तिथून टंगस्टन काढत, पुढे खाण बंद पडली. मे २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली की डेगान्यात जम्मूपेक्षाही मोठा लिथियमचा साठा सापडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला खुलासा करावा लागला की आम्ही असं काही सांगितलेलं नाही. म्हणजे जिथे ग्रॅनाइट खरोखर योग्य जातीचा आहे तिथेही अफवा खडकाच्या पुढे पळते.

जम्मूच्या रियासीची गोष्टही समजून घ्या, कारण सगळा बाजार तिच्या नावावर चालतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे ५९ लाख टनांचा साठा जाहीर झाला. हा आकडा खनिज असलेल्या दगडमातीचा प्राथमिक अंदाज होता, शुद्ध धातूचा नव्हे. शिवाय तिथलं लिथियम ग्रॅनाइटमध्ये नाही, चिकणमातीसारख्या थरात आहे, आणि त्यातून ते काढणं हे निराळंच काम आहे. पुढे लिलाव झाला तेव्हा पुरेसे बोलीदार आले नाहीत आणि तो रद्द करावा लागला. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या मार्लागल्ला भागात पेग्मटाइटच्या शिरांत लिथियम आहे. आधी बोलबाला १४,१०० टनांचा झाला. अणुखनिज संचालनालयाने मोजलं ते १,६०० टन भरलं.

महाराष्ट्राला सर्वांत जवळचं उदाहरण गडचिरोलीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या बस्तर-दंतेवाडा भागात आहे. तिथे ग्रॅनाइटच्या संगतीतल्या पेग्मटाइट शिरा उघड्यावर झिजल्या आणि कॅसिटेराइटचे काळे जड कण ओढ्या-नाल्यांच्या वाळूत उतरले. तिथले आदिवासी पाण्यात वाळू घोळवून ते वेगळे करतात आणि विकतात. देशात कथिलाचं खनिज निघतं ते तिथेच. लेपिडोलाइट आणि कोलंबाइट-टँटलाइटही त्याच शिरांत सापडतात. आमच्या गल्लीतल्या कल्हईवाल्या चाचांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कांडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "भाव मात्र कमी झाला नाही."

मग बीड? बीड जिल्हा काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, असे कितीतरी. बालाघाटच्या डोंगराच्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. हा लाव्हा खूप खोलवरून आला, भरपूर प्रमाणात वितळला आणि उघड्यावर येऊन भराभर थंड झाला. सरबत हळूहळू गोठायला वेळच मिळाला नाही. त्यामुळे 'शेवटचा रस' असा काही उरला नाही. साध्या बेसाल्टमध्ये लिथियम दहा लाख भागांत दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. बोव्हुआरच्या ग्रॅनाइटमध्ये तो दहा लाखांत चार हजारांच्या घरात आहे. फरक चारशे पटींचा.

पण लाव्हात वायूचे बुडबुडे होते. लाव्हा घट्ट झाल्यावर त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. विहिरी खणणारे आपले लोक अशा छिद्रांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. नंतर त्या पोकळ्यांत कोमट पाणी झिरपत राहिलं आणि खडकातून विरघळलेला माल तिथे स्फटिक होऊन बसला. गारगोटी, अकीक, कॅल्साइट आणि झिओलाइट ते हेच. आपल्या घरात अब्बाजानच्या अंगठीत जो अकीक असतो तो अशाच पोकळीत थरावर थर साचून तयार होतो. महाराष्ट्रातले झिओलाइट तर जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. पुण्याजवळ वाघोलीला निळा कॅव्हनसाइट निघाला, त्याच्यासाठी परदेशातले संग्राहक वेडे असतात. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊन या, झिओलाइट आणि अकीक यांतला फरक काचेमागे शेजारी-शेजारी पाहायला मिळेल.

तेव्हा भाच्याच्या रुमालातला दगड काय असावा याचा अंदाज मला पहिल्याच नजरेत आला होता. पण मामूचा अंदाज विरुद्ध मोटारवाल्याचा अंदाज असा सामना नको होता. म्हणून आम्ही मोजलं. तुम्हीही घरी मोजू शकता, म्हणून रीत सविस्तर देतो.

स्वयंपाकघरातला किंवा दुकानातला ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. दगड धुऊन वाळवा आणि वजन करा. आमचा ८४ ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. दगडाला दोरा बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, दोरा हातातच धरा. काट्यावर जो आकडा येईल तो दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. आमचा ३८ आला. ८४ ला ३८ ने भागलं, २.२ आले. म्हणजे हा दगड तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या २.२ पट जड.

स्पोड्युमीन असता तर हा आकडा ३.१ ते ३.२ यायला हवा होता. ८४ ग्रॅमच्या तुकड्याने ३८ नव्हे, २७ ग्रॅमच पाणी सारलं असतं. लेपिडोलाइट असता तर २.८ च्या वर. क्वार्ट्झ २.६५, कॅल्साइट २.७. टँटलम किंवा कथिलाचं खनिज पाचाच्या पुढेच, सातापर्यंतही जातं, ते तर उचलतानाच कळतं. २.२ एवढा हलका स्फटिक मांजऱ्यातून निघाला की तो बहुधा झिओलाइट. पेंढीसारखा आकार आणि मोत्याची चमक यावरून हा त्यातला स्टिल्बाइट.

ही मोजणी नवी नाही. हजार वर्षांपूर्वी अबू रैहान अल्-बिरूनी यांनी तोटी असलेलं एक भांडं करून घेतलं होतं. रत्न आत टाकलं की सारलेलं पाणी तोटीतून बाहेर पडे आणि ते तोलून कोणतं रत्न किती जड हे ते काढत. माणिक, पाचू, मोती, सोनं, पारा असे बरेच पदार्थ त्यांनी मोजले आणि त्यांचे अनेक आकडे आजच्या आकड्यांच्या फार जवळ आहेत. रत्ने आणि धातूंवर त्यांनी 'किताब अल्-जमाहिर' हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. खोटे दगड खपवणारे तेव्हाही होतेच.

मग आणखी दोन परीक्षा केल्या. चाकूच्या टोकाने दगडावर रेघ ओढली तर ओरखडा उठला. स्पोड्युमीनवर चाकू चालत नाही, उलट तो चाकूला घासतो. व्हिनेगरचा थेंब टाकला तर फेस आला नाही, म्हणजे कॅल्साइटही नाही. शेवटी शाळेच्या दिवसांतली एक परीक्षानळी माझ्या कपाटात होती, तिच्यात कोरड्या दगडाचा कण टाकून गॅसवर धरली (डोळ्यांवर चष्मा, मुलं लांब). काही क्षणांत कण फुगल्यासारखा झाला आणि नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमले. झिओलाइटच्या घडणीतच पाणी असतं. 'झिओलाइट' या ग्रीक शब्दांचा अर्थच उकळणारा दगड, आणि १७५६ मध्ये ते नाव पडलं तेच तापवताना उसळी येते म्हणून. लिथियमच्या त्या कठीण खनिजातून असं पाणी सुटत नाही.

भाचा बराच वेळ नळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग मामू, आपल्या खाली ग्रॅनाइट नाहीच?"

प्रश्न चांगला होता. आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, आपल्यापैकी अनेकांनी तो अनुभवला आहे. त्यानंतर कारण शोधण्यासाठी तिथे ६१७ मीटर खोल भोक पाडलं. पहिले ३३८ मीटर बेसाल्टचे थर लागले. मग आठ मीटर जुना गाळ. आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या कुळातला, उष्णतेने आणि दाबाने बदललेला खडक, दोनशे कोटी वर्षांहून जुना. बीडच्या खालीही असाच जुना तळ असणार, वरच्या लाव्हाच्या पांघरुणाखाली. मराठवाड्यात हे पांघरूण संपतं ते नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला. देगलूर, बिलोलीकडे गेलात की काळा पाषाण जाऊन गुलाबी-राखाडी गोल धोंडे दिसू लागतात. पण ग्रॅनाइट असणं वेगळं आणि दुर्मीळ धातूंचा ग्रॅनाइट असणं वेगळं. शंभर ग्रॅनाइट पाहिले तर एखाद्याच्याच माथ्यावर ती टोपी असते. त्यातही जमीन फार झिजली तर टोपी वाहून जाते, कमी झिजली तर ती खोल पुरलेली राहते. नेमकी झीज झालेली जागा सापडावी लागते.

आता स्टँपपेपरचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतल्या खनिजांवरचा हक्क शासनाचा आहे. लिथियम, टँटलम, नायोबियम, बेरिलियम यांसारखी खनिजं २०२३ पर्यंत अणुखनिजांच्या यादीत होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती बाहेर काढली आणि त्यांच्या खाणपट्ट्यांचा लिलाव करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. म्हणजे शेतकऱ्याच्या ओसरीत बसून, शंभर रुपयांच्या कागदावर, लिथियमची खाण कुणालाच मिळत नाही. सरकारी सर्वेक्षण शेतकऱ्याकडून तपासणी फी मागत फिरत नाही. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात खनिकर्म विभाग आहे, दगड घेऊन तिथे जा. आणि संमतीपत्रावर सही केली तर त्या कागदाने काय होऊ शकतं? खाण होणार नाही, पण जमिनीवर कुणाचा तरी खोटा दावा उभा राहू शकतो. चाळीस हजारांपेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटली.

रविवारी भाच्याने माझ्यासमोरच त्या गृहस्थांना फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. त्याने विचारलं, "साहेब, आम्ही घनता मोजली, २.२ आली. स्पोड्युमीनची किती असते?" पलीकडून म्हणाले, "हे सगळं लॅबमध्येच कळतं, तुम्ही पैसे तयार ठेवा." भाचा म्हणाला, "लॅबचं नाव सांगा, मी स्वतः नेऊन देतो." थोड्या वेळाने परत करतो म्हणाले. केला नाही. सोमवारी मोटार आली नाही. शेजारच्या वस्तीवर मात्र दोन घरांनी आधीच पैसे दिले होते. एकाने कर्ज काढून. ते परत मिळतील असं मला वाटत नाही, पण पोलिसांत अर्ज करायला मी त्यांच्यासोबत गेलो. त्यांना सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत होती तर लोक हसतील याची. हसू नका.

आपाने बांगड्या परत डब्यात ठेवल्या. मला मात्र म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून नाही, ते पाणी नळीत दिसलं म्हणून." माझी बहीण सातवीपर्यंत शिकली आहे आणि तिचं हे बोलणं मला पटलं.

दगड आता त्यांच्या घरी शिलाई मशीनशेजारच्या फळीवर आहे. विहीर पुढे बारा फूट गेली, तेव्हा लाल गेरूचा पट्टा लागला. दोन लाव्हाथरांच्या मधली ती भाजलेली माती. चिकट असल्याने पाणी तिच्यातून खाली उतरत नाही, तिच्या वरच्या अंगाला साचतं. तसंच झालं. पट्ट्याच्या वरच्या मांजऱ्यातून एका बाजूने झिरपा फुटला आहे. भाच्याने व्हिडिओ पाठवला, त्यात पाण्याचा आवाज येतो. मे महिन्यात तो टिकतो का ते बघायचं.